कर्णाच्या रथाचें चाक

माणसाला आयुष्यांत कोणकोणत्या वस्तूंची निवड करावी लागेल ह्याचा कांहीं नेम नाहीं. माझी पत्नी माझ्या आईनें निवडली, पदवीचा विषय परीक्षेंतल्या गुणांनीं निवडला आणि नोकरीच्या बाबतींत तर ज्यांनीं दिली त्यांनींच मला निवडलें. पंचावन्न वर्षांत मीं स्वतः निवडलेल्या गोष्टी मोजायच्या म्हटल्या तर चष्म्याची चौकट आणि चहाची पूड ह्यापलीकडे माझी मजल जात नाहीं. अशा मनुष्यावर एका डिसेंबरच्या सकाळीं क्रांति चौकापासून हांकेच्या अंतरावर असलेल्या टायरच्या दुकानांत उभें राहून, सहा चाकांच्या आणि चिखलपाण्यांत चालणाऱ्या गाडीसाठीं टायर पसंत करण्याची वेळ आली. दुकानदारानें खुर्ची पुसून दिली, चहा मागविला, आणि ‘प्रोफेसरसाहेब म्हणतील तें’ असें म्हणून सगळी जबाबदारी माझ्या गळ्यांत घातली. तीस वर्षें मुलांना इंग्रजी काव्य शिकविणाऱ्याला रबराचें काय कळतें, असें तेथें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. माझ्या मात्र आलें.

आमच्या शहराचा हा चौक ज्यांनीं पाहिला असेल त्यांना त्याची गर्दी सांगायला नको. जालना रस्त्याची वाहनें डोक्यावरच्या पुलावरून आणि पायांखालच्या रस्त्यावरून एकाच वेळीं धांवत असतात, आणि त्या साऱ्या कोलाहलाच्या वर, २०२२ सालीं उंच चौथऱ्यावर बसविलेले अश्वारूढ शिवछत्रपति शांतपणें पुढें पाहत असतात. ह्या जागेला पूर्वी काळा चबुतरा म्हणत. १८५७ सालीं येथल्या छावणींत उठलेल्या शिपायांना तेथें देहदंड दिला गेला, म्हणून तो क्रांति चौक झाला. मला मात्र त्या दिवशीं दुकानाच्या दारांतून पुतळ्याकडे पाहतांना वेगळीच आठवण झाली. ज्या बादशहानें ह्या शहराला आपलें नांव दिलें होतें, त्याचें लष्कर १७०२ च्या पावसाळ्यांत विशाळगडाहून परत फिरलें, तेव्हां सह्याद्रींतल्या ओढ्यांनीं आणि चिखलानें त्याचे जे हाल केले ते इतिहासांत नमूद आहेत. हत्ती, उंट, तोफांचे गाडे हें सारें वैभव चिखलानें गिळलें. मराठ्यांचीं तट्टें हलकीं होतीं, आणि हलकेपणा हाच चिखलांतला पहिला सद्‌गुण आहे, हें मला पुढें त्याच दुकानांत समजलें.

पण ही गाडी आणि हा चिखल आला कोठून, तें आधीं सांगितलें पाहिजे.

आमचें गांव गोदावरीच्या कांठीं आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर जी अतिवृष्टि झाली आणि पैठणच्या धरणांतून सोडलेलें पाणी नदीकांठच्या शिवारांत जें पसरलें, तें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलेंच आहे. त्याच दिवसांत एके पहाटे माझ्या वडील बंधूंच्या, अण्णांच्या, छातींत कळ आली. आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटरांची पाणंद आहे. उन्हाळ्यांत ती वाट बैलगाडी अर्ध्या तासांत तोडते. त्या पहाटे ती चिखलाची नदी झाली होती. प्रथम ट्रॅक्टर काढला. तो दोनशें पावलांवर आंसापर्यंत बसला. मग बाज आणली, तिला वासे बांधले, आणि आळीपाळीनें आठ माणसांनीं अण्णांना खांद्यावरून नेलें. मांडीपर्यंत चिखल, वर पाऊस. तीन किलोमीटरांना चार तास लागले. ते चार तास मी शहरांत, माझ्या कोरड्या खोलींत, फोन कानाला लावून येरझारा घालीत होतों. टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या. मीं त्यांतल्या दोन तपासल्याही, हें मला अजून कोणाला सांगवलेलें नाहीं. आज येथें लिहून टाकतों.

अण्णा वांचले. परंतु त्या रात्रीं रुग्णालयाच्या व्हरांड्यांत त्यांचा मुलगा माझ्याशेजारीं बसला होता. पायांवरचा चिखल वाळून त्याला तडे गेले होते. तो म्हणाला, “काका, मी गाडी करणार.” मला वाटलें, शोकाच्या भरांत पोरगा कांहींतरी बोलतो आहे. पण तो अभियांत्रिकीचा पदवीधर, वाळूजला एका लहानशा कारखान्यांत नोकरीला. दिवाळीपर्यंत त्यानें आणि त्याच्या दोघां मित्रांनीं सुटीच्या दिवशीं बसून तिचा सांगाडा उभाही केला. लोखंडी पत्र्याची एक नांव, तिच्या पोटांत जुन्या मालवाहू रिक्षाचें एंजिन, आणि दोन्ही बाजूंना तीन तीन चाकें. कॅनडांत १९६० च्या दशकापासून असल्या गाड्या शिकारी आणि शेतकरी वापरतात. त्यांचीं चित्रें पाहून ह्यांनीं आपली रचना केली. ह्या गाडीला वळण्यासाठीं पुढचीं चाकें फिरत नाहींत. डावीकडे जायचें तर डाव्या बाजूचीं तिन्ही चाकें रोखायचीं. उजवीं चालत राहतात आणि गाडी आपोआप डावीकडे फिरते. नांव वल्हवितांना आपण हेंच करतों. सगळें झालें होतें. राहिले होते फक्त टायर. आणि पोरांजवळचे पैसे संपले होते. माझा त्या दुकानांतला अधिकार हा असा होता.

दुकानदारानें आमच्यापुढें तीन प्रकार मांडले. पहिला रिक्षाचा अरुंद टायर, स्वस्त आणि हवे तितके मिळणारा. दुसरा पॉवर टिलरचा, उलट्या-सुलट्या तिरप्या दांत्यांचा, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचें जणूं धाकटें भावंड. तिसरा मात्र फुगीर, रुंद, मऊ, चारचाकी मोटारसायकलींना बसवितात तो. ह्या तिसऱ्याची किंमत ऐकून अण्णांनीं डोळे मिटले. एका टायरच्या पैशांत एक शेळी आणि तिचीं दोन करडें आलीं असतीं. गंमत अशी, कीं ह्याच शहराच्या वेशीवर, वाळूजला, बाळकृष्ण इंडस्ट्रीजच्या कारखान्यांत शेतांचे आणि खाणींचे टायर तयार होतात आणि सातासमुद्रांपलीकडल्या शेतांत जाऊन तेथला चिखल तुडवितात. आमच्या पाणंदीला लागणारें सहा चाकांचें माप मात्र बाहेरून आणावें लागतें! घरच्या म्हशीचें दूध गांवाला, आणि घरांत काळा चहा, त्यांतला हा प्रकार.

वादाला सुरुवात दुकानदारानें केली. त्याचें म्हणणें, चिखलांत अरुंद टायरच चांगला. तो सुरीसारखा चिखल कापीत खालच्या टणक जमिनीला जाऊन भिडतो, आणि तेथें त्याला पकड मिळते. रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो. पुतण्याचें म्हणणें बरोबर उलट. त्यानें खिशांतून कागद काढून गणित मांडलें. दोन माणसांसह गाडी सहाशें किलोंची. मऊ, रुंद टायर थोडा रुतला म्हणजे त्याचा साडेसातशें वर्ग सेंटिमीटर भाग जमिनीला टेकणार. सहा टायरांचा मिळून साडेचार हजार. म्हणजे एका वर्ग सेंटिमीटरवर भार दीडशें ग्रॅमही नाहीं. “काका, तुम्ही चालतां तेव्हां एका पावलावर ह्याच्या अडीचपट दाब पडतो, बैलाच्या खुराखालीं तर सातआठपट. ही गाडी चिखलाला कळणारही नाहीं.” मला दोघांचेंही पटलें. माझ्या धंद्याचा हा दोष आहे. दोन टीकाकारांचीं परस्परविरुद्ध मतें वर्गांत सांगून ‘दोन्हींत तथ्य आहे’ असें म्हणतां येतें आणि तास संपतो. येथें मात्र पैसे मोजून टायर घरीं न्यायचे होते.

तेवढ्यांत कोपऱ्यांत टायरांच्या चळतीवर टेकून बसलेले अण्णा म्हणाले, “चिखल कोणता, तें कोणी विचारतच नाहीं.”

आम्ही गप्प झालों. मग अण्णांनीं जें सांगितलें तें मीं कोणत्याही ग्रंथांत वाचलेलें नव्हतें. गांवठाणाची माती पांढरी, शिवाराची काळी. मुरमाड माळाचा चिखल वीतभर, त्याच्या खालीं कठीण भूमि. तेथें दुकानदार म्हणतात तें खरें. जुन्या गाडीचें चाक अरुंद असे तें उगाच नव्हे. पण नदीकांठच्या काळीला तळ नाहीं. ती उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगांनीं फाटते आणि पावसांत फुगून त्या भेगा मिटवून टाकते. तिच्यांत वाट कापायला जाणारें चाक कापीतच राहील. टणक लागायच्या आंत गाडीचें पोट टेकेल. “आमचा ट्रॅक्टर त्या दिवशीं असाच बसला. मागचीं चाकें फिरलीं, फिरलीं आणि आपली कबर खणून मोकळीं झालीं.” शास्त्रज्ञ ह्या मातीचें श्रेय तिच्यांतल्या, पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकण कणांना देतात. अण्णांना ते कण ठाऊक नाहींत. वाफसा कधीं येतो तें मात्र ते माती मुठींत दाबून सांगतात, आणि गांव त्यांच्या सांगण्यावर पेरतें.

पुतण्याच्या आग्रहावरून मीं मागाहून ह्या विषयावर थोडें वाचलें. मऊ जमिनीवर चाक कसें वागतें, ह्याचें शास्त्र बेकर नांवाच्या एका पोलिश अभियंत्यानें रचलें. त्याचा ग्रंथ १९५६ सालचा. चंद्रावर १९७१ सालीं जी मोटार चालली तिच्या चाकांमागेंही ह्याच गृहस्थाचा विचार होता. त्यानें दाखवून दिलेली एक गोष्ट मोठी मनोरंजक आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाचा ठसा आडवा आणि रुंद असण्यापेक्षां लांबट असेल तर चिखलाचा विरोध कमी होतो, कारण चाकाला आपल्यापुढें कमी रुंदीचा चिखल लोटावा लागतो. म्हणजे नुसती रुंदी उपयोगाची नाहीं. चाक मोठें हवें. आमच्या सुतारांनीं बैलगाडीचें चाक पुरुषाच्या छातीइतकें उंच कां केलें, तें मला पन्नाशी उलटल्यावर ह्या पोलिश माणसाकडून समजलें. आणि लहान चाकांच्या गाडीला तीन तीन चाकें जवळजवळ एका रांगेंत कां लावायचीं, तेंही. तिघांचे ठसे एकापुढें एक पडून एका मोठ्या चाकाचें काम करतात. पहिलें चाक माती दाबतें आणि मागच्या दोघांची वाट सोपी होते. पुतण्यानें सहा चाकें केलीं तेव्हां मला तो नुसता हौसेचा भाग वाटला होता.

रुंद टायर घ्यावयाचा हें ठरलें. पण त्याचे दांते कसे असावेत, ह्यावर पुन्हां तासभर खल झाला. पॉवर टिलरचे दांते उंच आणि दणकट. पाहतांच भरंवसा वाटावा असे. परंतु आमच्या गाडीला ते दोन प्रकारें नडले असते. एक तर असली गाडी वळतांना चाकें जमिनीवर आडवीं घासतात. उंच, तीक्ष्ण दांते असले तर ते आडवें घासूंच देत नाहींत. नांगराच्या फाळासारखे माती उकरतात, आणि वळण्याच्या नादांत गाडी आपला खड्डा आपण करते. म्हणून दांते मध्यम आणि टायरच्या कडा गोलसर हव्यात. दुसरें असें, कीं त्या टायरचें अंगच जाड. अवजड यंत्राखालीं तो दबेल; आमच्या हलक्या गाडीखालीं हवा कमी केली तरी लाकडासारखा ताठ राहील.

आणि दांत्यांत भरणाऱ्या चिखलाचें काय? काळीचा चिखल पीठ मळल्यासारखा चिकटतो. दांते जवळजवळ असले तर दोन फेऱ्यांत त्यांच्यामधल्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत लाटणें होऊन बसतो. खाचा रुंद हव्यात, म्हणजे चाक फिरतांना चिखल फेकला जातो, असें दुकानदार म्हणाला. ह्यावर अण्णांनीं जी भर घातली ती ऐकून पुतण्यानें कागद खिशांत घातला. ते म्हणाले, “बैल चिखलांतून पाय कसा काढतो तें पाहा. टेकवितांना खुराचे दोन भाग फांकतात, उचलतांना मिटतात. मिटल्यावर खूर बारीक होतो, चिखलाची पकड सुटते. घोड्याचा खूर अखंड, तो चिखलांत बूच मारल्यासारखा बसतो. टायर असा हवा, कीं टेकतांना पसरेल आणि उचलतांना मिटेल.” मऊ टायर नेमकें हेंच करतो, खालीं चपटा होतो, वर येतांना पुन्हां गोल होतो, आणि त्या उलघालींत खाचांतला चिखल आपोआप निसटतो. दुकानदार उठून अण्णांसाठीं दुसरा चहा सांगायला गेला.

आतां प्रश्न हवेचा. मोटारीच्या टायरांत तीस-पस्तीस पौंड हवा असते. असल्या टायरांत तीन-चार पौंड पुरते. इतकी कमी, कीं साधें मापक तिला ओळखतही नाहीं. पण हवा उतरवली, कीं आणखी एक संकट उभें राहतें. लोखंडी रिम आंत फिरतो आणि टायर जागच्या जागीं राहतो. आंत ट्यूब असली तर तिची नळी मुळापासून उपटून निघते. ह्यासाठीं टायरची कड रिमला घट्ट आवळून धरणारें कडें बसवावें लागतें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकनांनीं सहा चाकांचा एक जलस्थलचर ट्रक केला होता. १९४२ सालचा तो. त्याच्या सांकेतिक अक्षरांवरून शिपाई त्याला ‘डक’, म्हणजे बदकच, म्हणूं लागले. असे एकवीस हजारांहून अधिक ट्रक तयार झाले, आणि सिसिलीच्या व नॉर्मंडीच्या किनाऱ्यांवर त्यांनीं समुद्रांतून थेट वाळूवर माल नेला. त्याची खरी करामत अशी, कीं चालकाला बसल्या जागेवरून टायरांतली हवा कमीजास्त करतां येई. वाळू आली कीं उतरवायची, रस्ता आला कीं भरायची. इंग्रजी वाङ्मयांत त्या युद्धावरच्या कविता मीं शेंकडों वेळां शिकविल्या आहेत. त्यांत ह्या बदकाचा उल्लेख आल्याचें मला आठवत नाहीं.

आणि कविता म्हटल्यावर कर्ण आठवायचाच. रणांगणांत ज्याच्या रथाचें चाक पृथ्वीनें गिळलें तो कर्ण मला लहानपणापासून प्रिय. दैवगति, शाप, पुरुषार्थ ह्यांवर मीं किती व्याख्यानें दिलीं असतील ह्याची गणती नाहीं. दुकानांत सहज मीं तो विषय काढला. अण्णा विचारांत पडले. मग म्हणाले, “शाप असेल. पण एका अंगाचें चाक रुतलें म्हणजे त्या अंगाला ओल जास्त असणार. आणि तो उतरून उचलायला गेला तें चुकलें. आधीं घोडे सोडायचे, भार कमी करायचा, मग चाकाखालीं कांहीं घालायचें.” एवढें सोपें कोणी त्याला सांगितलें असतें तर आम्हां प्राध्यापकांचें काय झालें असतें, असा विचार माझ्या मनांत येऊन गेला. पण मीं हंसलों नाहीं. कारण अण्णा हें सांगत होते तेव्हां त्यांचा हात नकळत छातीवर गेला होता, आणि बाजेवरून जातांना खालच्या आठ जणांच्या पायांचा आवाज ऐकत त्यांनीं ह्या गोष्टींचा पुष्कळ विचार केलेला असावा.

आम्हीं तिसऱ्या प्रकारचे सहा टायर घेतले. पैसे मीं दिले. माझ्या निबंधांचा एक संग्रह स्वखर्चानें छापावा म्हणून ते कांहीं वर्षें बाजूला ठेवलेले होते. संग्रह लांबणीवर पडला, ह्याबद्दल वाचकांनीं अण्णांचे आभार मानावेत.

जानेवारींत कालव्याला पाणी सुटलें तेव्हां उंसाच्या मोकळ्या झालेल्या एका वावरांत पाणी तुंबवून आम्हीं मुद्दाम चिखल केला. सारा गांव बांधावर जमला. गाडी ऐटींत निघाली, वीस पावलें गेली आणि एका अंगाला फिरत फिरत जागच्या जागीं बसली. बांधावर जो हंशा पिकला तो मी विसरणार नाहीं. शेवटीं अण्णांच्याच बैलजोडीनें तिला ओढून काढलें. दोष टायरांचा नव्हता. तिरप्या दांत्यांच्या टायरला दिशा असते; दांत्यांचें टोंक चाकाच्या माथ्यावर पुढें झालेलें हवें, म्हणजे ते चिखल मधून दोन्ही बाजूंस लोटून देतात. पोरांनीं घाईंत डाव्या बाजूचे तिन्ही टायर उलटे बसविले होते, आणि ते चिखल बाहेर टाकण्याऐवजीं मधोमध गोळा करीत होते. दुपारीं ते फिरवून बसविले, हवा आणखी एक पौंड उतरविली. मग मात्र गाडी त्या राड्यावरून अशी गेली, कीं मागें केवळ एक चपटा, ओला पट्टा उरला. जेथें सकाळीं मी गुडघ्यापर्यंत रुतलों होतों, तेथें तिच्या चाकाचा ठसा वीतभरही नव्हता.

पाण्याची परीक्षा शेततळ्यांत घेतली. तेथें टायरचे दांतेच वल्ह्याचें काम करतात. गाडी तरंगली, चाललीही, परंतु माणसाच्या सावकाश चालीनें, आणि वाऱ्याची एक झुळूक आली तेव्हां तिचें तोंड फिरलें. पुतण्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मला मात्र सप्टेंबरांतली गोदावरी दिसत होती. ही गाडी चिखलासाठीं आणि सांचलेल्या पाण्यासाठीं आहे. वाहत्या पुरांत ती काड्याच्या पेटीसारखी वाहून जाईल. मीं त्याला तसें सांगितलें. तो म्हणाला, “काका, पलीकडे कोणी अडकलें असलें तर?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. पण बापाला वांचविण्यासाठीं केलेल्या गाडीनें मुलगा नेऊं नये, एवढें मला कळत होतें. नदीच्या धारेंत गाडी घालणार नाहीं, असें मीं त्याच्याकडून लिहून घेतलें. कागदावर त्यानें सही केली ती रागानेंच. चार दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं. नंतर त्यानें गाडीला दोन्ही अंगांना पोकळ नळ्या बांधल्या, बाजेच्या मापाची एक चौकट वर बसविली, आणि मला तिचें छायाचित्र पाठविलें. खालीं कांहीं लिहिलें नव्हतें.

गाडी आतां गोठ्याच्या पडवींत असते. तिच्यामागें भिंतीला टेकून आमच्या आजोबांच्या बैलगाडीचें एक चाक आहे. धाव गंजली आहे, आरे दोन निघाले आहेत. अण्णा दर सोमवारीं टायरांची हवा पाहतात. पुतण्यानें त्यांना कमी दाबाचें एक खास मापक आणून दिलें आहे. तें खुंटीला टांगलेलें असतें, अण्णा प्रत्येक टायर अंगठ्यानें दाबून पाहतात, आणि सहावा झाला कीं मला फोन करून सांगतात, “ठीक आहे.”